दिव्याचं तोंड बांधून गाडी दिलीस

मान वर कर. माझ्याकडे नको, या मोटारसायकलकडे बघ. ओळखतोस ना? परवा संध्याकाळी रोह्याच्या गॅरेजात तुझ्याच हातून गेली आहे ही. नंबरावरून ओळख पटत नसेल तर या चिकटपट्टीवरून पटव. जवळ या रे सगळे. उजव्या बाजूचं झाकण काढल्यावर आत काय सापडलं ते बघा. मागच्या ब्रेकच्या स्विचचा कपलर सोडवलेला, दोन्ही तोंडांवर काळी पट्टी गुंडाळलेली, आणि हलू नये म्हणून वर केबल टायनं चेसिसला आवळून टाकलेला. बांधलंय किती निगुतीनं! एवढ्या निगुतीनं मूळ काम केलं असतंस तर आज सगळ्यांदेखत पाठ थोपटली असती तुझी.

ज्यांची ही गाडी आहे ते जोह्याचे मूर्तिकार. गणपती तोंडावर आलेत, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत रात्री दिवे विझत नाहीत, त्यातून वेळ काढून ते रोह्याला दुकानदारांकडे हिशेबाला गेले होते. तक्रार साधी होती. ब्रेक दाबलेला नसतानाही मागचा ब्रेकलाइट पेटलेलाच राहतो. तू कपलर ओढलास, दिवा विझला, ‘झालं काका’ म्हणालास आणि शंभर रुपये घेतलेस. परतीच्या वाटेवर भिसे खिंडीचा उतार, पावसाची रिपरिप, पुढे खड्डा दिसला म्हणून त्यांनी पाय दाबला. मागून रोह्यात मूर्ती पोचवून परत निघालेला रिकामा टेम्पो येत होता. पुढच्या गाडीचा वेग मोडलाय हे त्या ड्रायव्हरला कळलंच नाही. कळणार कुठून? टेम्पोचं बंपर नंबरप्लेटला टेकलं आणि थांबलं. ड्रायव्हर उतरून काकांनाच ओरडला की ब्रेक मारता तर दिवा तरी लावा! आणि काका शपथेवर सांगताहेत की अहो, दिवा आत्ताच दुरुस्त करून घेतलाय.

तोच टेम्पो जाताना मागे असता तर? गवतात बसवलेल्या मूर्ती घेऊन जाणारा ड्रायव्हर कधी करकचून ब्रेक मारत नाही. पेणचा प्रत्येक टेम्पोवाला हे जाणतो. एकाची सोंड गेली की मूर्ती गेली, आणि भंगलेली मूर्ती कोणी घेत नाही. म्हणून तो पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर डोळा ठेवून लांबूनच वेग उतरवत येतो. त्याचा सगळा हिशेब त्या दिव्यावर असतो आणि तो दिवा तू बांधून ठेवलास.

काय पुटपुटलास? मोठ्यानं बोल. ‘पुढचा स्विच चालू होता सर.’ बरं. म्हणजे उजव्या हाताचा लीव्हर ओढला तर दिवा लागत होता. मग मला सांग, पासष्टीचा माणूस, ओला उतार, समोर खड्डा, तो आधी काय दाबणार? आपल्याकडे वडील मुलाला गाडी शिकवतात तेव्हा पहिलं वाक्य काय असतं? ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.’ ते चूक आहे, दोन्ही ब्रेक जोडीनं लावायचे असतात, हे मी इथे घसा फोडून सांगतो. पण रस्त्यावरचा माणूस पायानंच ब्रेक मारतो हेही मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. नव्या गाड्यांना 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंत जोडब्रेक आणि त्यावर एबीएस सक्तीचा झाला; त्यातला जोडब्रेक याच सवयीसाठी, की माणसानं नुसतं पेडल दाबलं तरी पुढचं चाकही थोडं धरलं जावं. ही गाडी त्याच्या आधीची आहे. इथे पाय म्हणजे मागचा ब्रेक, आणि मागचा ब्रेक म्हणजे तू बांधून ठेवलेला स्विच.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी तुला उभं केलंय. ही गाडी जोह्याहून इथपर्यंत मी स्वतः चालवत आणली, एकदाही मागचा ब्रेक न दाबता. पुढे हो. मागच्या चाकाच्या ड्रमजवळ हात ने. टेकवू नकोस, नुसता जवळ ने. लागली धग? ब्रेक न दाबता ड्रम तापतो कसा? आता मधल्या स्टँडवर घे आणि न्यूट्रलमध्ये चाक हातानं फिरव. अर्ध्या फेऱ्यात थांबलं. घासल्याचा आवाज येतोय तो ऐका. चांगलं चाक एका झटक्यात दोन-तीन फेरे आरामात मारतं. आता पेडल दाब आणि सोड. बघितलंस? तीन-चतुर्थांश वर आलं आणि तिथेच रेंगाळलं. बोटानं उचललं तेव्हा कुठे वर गेलं. आणि मी उचललं तेव्हा चाकही मोकळं झालं.

म्हणजे काय झालं होतं, तू सांग. नाही, तू नाही, मागे बसून हसणारा तो सांगेल. नाही येत? मग हसू नकोस.

मागच्या ब्रेकचा स्विच म्हणजे बोटाएवढी काळी प्लास्टिकची नळी. एका टोकाला दोन वायरी, दुसऱ्या टोकाला बाहेर आलेली दांडी, दांडीला लांब बारीक स्प्रिंग, आणि स्प्रिंगचं दुसरं टोक पेडलच्या हाताला अडकवलेलं. पेडल खाली गेलं की स्प्रिंग ताणली जाते, दांडी बाहेर ओढली जाते, आतले दोन संपर्क जुळतात, दिवा लागतो. पेडल वर आलं की दांडी आत, दिवा बंद. यापेक्षा साधं यंत्र गाडीत दुसरं नाही. आता पेडल पूर्ण वर आलंच नाही तर स्प्रिंग ताणलेलीच राहणार आणि दिवा लागलेलाच राहणार. स्विच बिघडलेला नव्हता, वायरिंग बिघडलेलं नव्हतं, बल्ब ठणठणीत होता. दिवा लागला होता कारण ब्रेक लागला होता! तो त्याचं काम चोख करत होता. काकांना सांगत होता, तुला सांगत होता, की अरे, पेडल अडकलंय, लायनर ड्रमला घासताहेत, बघा जरा. आणि तू काय केलंस? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सांगणाऱ्याचं तोंड बांधलंस आणि घासणारा ब्रेक तसाच ठेवून त्या माणसाला खिंडीत पाठवलंस.

घासणारा ब्रेक तापतो. तापला की लायनर गुळगुळीत, काचेसारखे होतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच. काका म्हणालेही की हल्ली ॲव्हरेज पडलाय. तू विचारलं असतंस तर तुलाही म्हणाले असते. विचारलंस का, दिवा कधीपासून पेटून राहतो? पाऊस सुरू झाल्यापासून की त्याआधी? गाडी कुठे धुता? गाडी जड वाटते का? गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं बोलायला पाना लागत नाही.

कपलर काढलास ते चूक नव्हतं, हेही ऐकून ठेव. उलट तपासणीची सुरुवात तिथूनच होते. चावी ऑन, दिवा पेटलेला, मागच्या स्विचचा कपलर काढायचा. दिवा विझला तर दोष मागच्या स्विचच्या बाजूला. नाही विझला तर तो परत जोडायचा आणि पुढच्या स्विचच्या वायरी सोडवायच्या. विझला तर दोष पुढे. दोन्ही एकदम सोडवूनही दिवा पेटलेलाच असेल तर दोन्ही स्विच निर्दोष, मग वायरिंग किंवा बल्ब. मागे पेडलचा दोष, पुढे लीव्हरचा दोष, असं एकाच गाडीत दोन्ही असू शकतं, तेव्हा दोन्ही एकदम सोडवल्यावरच दिवा विझतो. तुझा दिवा पहिल्याच फटक्यात विझला. तिथे तुझी तपासणी सुरू व्हायला हवी होती. तू तिथे दुकान बंद केलंस.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे आणि ती तुम्ही सगळेच गाळता. पेटलेला दिवा ब्रेकचाच आहे का? 1 एप्रिल 2017 नंतरच्या गाड्यांत इंजिन सुरू असताना हेडलाइट बंदच करता येत नाही, आणि त्याबरोबर टेललाइटही पेटलेला असतो. गेल्या वर्षी नवी गाडी घेतलेल्या एकानं ‘मागचा दिवा विझत नाही’ म्हणून तक्रार आणली आणि तुमच्यातल्या एका हुशारानं अख्खी सीट उतरवून वायरिंग उघडलं. तो टेललाइट होता! भिंतीजवळ गाडी उभी करा, भिंतीवरच्या लाल उजेडाकडे बघा आणि पेडल दाबा. उजेड लख्खकन वाढला तर ब्रेकलाइट ठीक आहे, गिऱ्हाइकाला समजावून सांगा आणि चहा पाजून घरी पाठवा. वाढलाच नाही तर कामाला लागा. जुन्या बल्बात एकाच काचेत दोन तारा असतात, पाच वॅटची टेलची आणि एकवीस वॅटची ब्रेकची. चौपट फरक असतो. मागच्या माणसाला कळतं ते त्या फरकावरून.

म्हणून मघाशी त्या कोपऱ्यातून जो शहाणा शब्द आला त्याचा समाचार घेतो. ‘सर, दिवा सतत पेटलेला राहिला तर बिघडलं काय? उलट गाडी जास्त दिसेल.’ तू रोह्याचाच ना? दिवा-रोहा गाडीनं येतोस आणि रोज तिच्यावर उशिराचं खापर फोडतोस तो? मग सिग्नल रोज बघतोस. तुमच्या रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. रेल्वेचा सिग्नल बिघडला तर तो लाल व्हावा अशी रचना केलेली असते, कारण लाल दिसला की गाडी थांबते. कोणी विचारत नाही की हा लाल खरा की खोटा. थांबायचं म्हणजे थांबायचं, मग भले गाडी तासभर लेट होवो. रस्त्यावर तसं आहे का? पेणपासून नागोठण्यापर्यंत तुझ्यापुढच्या मोटारसायकलचा ब्रेकलाइट पेटलेलाच असेल तर पहिल्या किलोमीटरला तू सावध होशील, दुसऱ्या किलोमीटरला वैतागशील आणि तिसऱ्यापासून त्या दिव्याकडे बघणं सोडून देशील. मग वाटेत बैल आडवा आला, त्यानं खरंच ब्रेक मारला, की दिव्यात बदल काय होणार? काहीच नाही. ताशी साठ किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. एक सेकंद उशिरा कळलं तर सतरा मीटर उशिरा ब्रेक लागला. सतत पेटलेला दिवा आणि बंद दिवा, मागच्या माणसासाठी दोन्ही सारखेच आंधळे. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ब्रेकलाइट सक्तीचा आहे. तिथे हवालदार पावती फाडेल, ती फार तर तुझ्या खिशाला लागेल. मागून येणारा ट्रेलर पावती फाडत नाही.

तर पेडल अडकलं का? हा प्रश्न पेणच्या माणसाला पडता कामा नये. बाहेर हवेला जीभ लावली तर खारट लागेल. एका बाजूला धरमतरची खाडी, खारेपाटातली मिठागरं, आणि जून ते सप्टेंबर वरून पाऊस. लोखंडाला गंज चढायला आणखी काय लागतं? वर आपला महामार्ग. पनवेल-इंदापूर चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, तेव्हा तुमच्यातले निम्मे अंगणवाडीतही गेले नव्हते. त्या कामाची माती वर्षानुवर्षं आपल्या गाड्यांच्या पोटाला लागते आहे. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात रेंदा. आणि तो रेंदा बरोबर कुठे बसतो? उजव्या फुटरेस्टच्या मागे, पेडलच्या पिनीवर आणि या स्विचच्या दांडीवर. पुढचं चाक फवारा मारतं तो थेट तिथे. मग गाडी धुवायला नेता आणि तो प्रेशरचा पाइप नेमका तिथेच रोखता. चिखल निघतो, पण पाणी ग्रीस धुऊन पिनीत घुसतं. दोन दिवस गाडी उभी राहिली की पिन धरलीच.

पेडलची पिन एक झाली. दुसरी जागा तुम्ही कधीच बघत नाही, ती आतली. ब्रेकची सळई मागे जाऊन ज्या हाताला ओढते, तो हात ब्रेकप्लेटमधल्या कॅमला फिरवतो आणि कॅम लायनर फाकवतो. तो कॅम प्लेटच्या भोकात गंजून बसला की बाहेर पेडलला कितीही ग्रीस चोपडा, हात परत येणार नाही. ओळखायचं कसं? सळईची चाकाकडची नट पूर्ण काढा आणि हात बोटानं हलवून बघा. हात सैल असेल आणि पेडल अडकत असेल तर दोष पेडलच्या पिनीचा किंवा तिथल्या परतीच्या स्प्रिंगचा. पेडल मोकळं आणि हात जड असेल तर चाक उतरवा. दोन मिनिटांची परीक्षा आहे. या गाडीत दोन्ही आहेत. मी बघितलंय, पण तुला सांगणार नव्हतो. चिडून बोलून गेलो.

चाक उतरवलंत की आतली काळी भुकटी तोंडानं फुंकायची नाही आणि हवेचा पाइपही मारायचा नाही. कितीदा सांगितलं? जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत बसलं की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा. कॅम काढून पॉलिश पेपरनं घासा, गंजाचा एक ठिपका ठेवू नका, आणि ग्रीस लावाल ते कॅमच्या दांड्यावर पातळ, बोटानं पुसून घेतल्यासारखं. लायनरला ग्रीस लागलं तर ब्रेकच गेला.

जोडतानाचा क्रम ऐका, कारण इथे भलेभले मेकॅनिक चुकतात. आधी पेडलची उंची. मग मागची नट फिरवून पेडलची मोकळी चाल, साधारण वीस ते तीस मिलिमीटर. नटीला जी खोलगट खाच असते ती हाताच्या पिनीवर बसली पाहिजे, म्हणून नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं थांबते. खाच बसवली नाहीत तर नट पहिल्याच खड्ड्यात स्वतःहून फिरेल आणि तुमची चाल बदलेल. हे झालं की शेवटी, सगळ्यात शेवटी, स्विच. तुम्ही उलटं करता. आधी स्विच लावता, मग ब्रेक आवळता, आणि ब्रेक आवळला की पेडलची जागा बदलते, तेव्हा दिवा एकतर पेटूनच राहतो किंवा पेडल जमिनीला टेकलं तरी लागत नाही. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीचा दिवा पेटूनच राहतो असं गिऱ्हाईक सांगतं ना, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आणि स्विच लावायचा म्हणजे प्लास्टिकची नळी एका हातात स्थिर धरायची आणि फक्त तिच्यावरची नट फिरवायची. नळीच फिरवलीत तर आतल्या वायरी पिळल्या जातात आणि महिन्याभरात एक तुटते. नट एका बाजूला फिरवली की स्विच वर सरकतो, दिवा लवकर लागतो. दुसरीकडे फिरवली की खाली, दिवा उशिरा लागतो. पेडल थोडं दबलं, अजून ब्रेकनं चाक धरलेलं नाही, तेवढ्यात दिवा लागला पाहिजे. मागच्याला आधी कळू दे, मग गाडी थांबू दे.

या गाडीत एवढंच पुरे. पण उद्या दुसरी येईल आणि तिथे पेडल मोकळं असेल, म्हणून पुढचं ऐकून ठेवा. पुढच्या लीव्हरखाली छोटा स्विच असतो. बऱ्याच गाड्यांत त्याचा कारभार मागच्याच्या उलट: लीव्हर सुटलेला असताना तो स्विचची घुंडी दाबून धरतो आणि दिवा बंद ठेवतो, लीव्हर ओढला की घुंडी सुटते आणि दिवा लागतो. म्हणून गाडी पडून लीव्हर वाकला किंवा बाजारातला भलताच लीव्हर बसवला, तर तो घुंडीपर्यंत पोचतच नाही आणि दिवा पेटून राहतो. वर्कशॉप शांत असेल तेव्हा कान जवळ नेऊन लीव्हर हळू ओढा. बारीक टिक ऐकू येते. नाही आली तर घुंडी चिकटली आहे. आता कान देऊन बघ म्हटलं तर इथे मोबाइलवर गाणं लावून काम करणारे चार जण आहेत.

‘वायरिंग शॉर्ट आहे सर’ हे उत्तर मात्र मला कोणी द्यायचं नाही. ब्रेकच्या दिव्याची वायर चेसिसला टेकली, म्हणजे खरं शॉर्ट झालं, तर फ्यूज उडतो, दिवा पेटत नाही. दिवा पेटून राहतो तेव्हा त्या वायरीला दुसरीकडून करंट मिळत असतो. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये काळी वायर चावीनंतरचा करंट आणते, हिरवी-पिवळी ब्रेकच्या दिव्याकडे जाते, नुसती हिरवी अर्थ. काळी आणि हिरवी-पिवळी घासून उघड्या पडल्या आणि एकमेकींना टेकल्या की चावी ऑन केल्याबरोबर दिवा लागणार. त्या घासतात कुठे? हँडल वळतं तिथे, टाकीखाली, आणि सीटखाली जिथे कोणीतरी लुकलुकणारी एलईडी पट्टी बसवलेली असते. पिळून जोडलेल्या वायरी आणि वर चिकटपट्टी! आपल्या पावसात त्या पट्टीचा गोंद पाघळून काळा चिकटा होतो आणि आतला सांधा उघडा पडतो. डाग द्या, वर स्लीव्ह चढवा.

बल्ब राहिला. त्याच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर दिलेल्या असतात, उलटा बसू नये म्हणून. तरी पक्कड लावून तो उलटा बसवणारे महाभाग मी बघितलेत. मग टेलचा करंट ब्रेकच्या तारेला जातो. किंवा तुटलेली तार दुसरीवर पडते आणि टेल लावला की ब्रेकही पेटतो. काढून डोळ्यासमोर धरा, कळतं.

हे सगळं तुला येत नव्हतं का? येत होतं. तोंडी परीक्षेत मीच तुला विचारलं होतं आणि तू घडाघडा सांगितलं होतंस. म्हणून राग आहे. ज्याला येत नाही त्याला मी शिकवतो. येत असून पाट्या टाकतो त्याचं काय करायचं? ‘काकांना घाई होती.’ घाई त्यांना असणारच, चतुर्थीला किती दिवस राहिलेत? तू सांगायचंस की काका, दिवा बरोबर आहे, ब्रेक अडकतोय, तासभर लागेल, नाहीतर आज मी पेडल मोकळं करून देतो आणि चाक उद्या उघडू. ‘मालक म्हणाले उरक.’ मालकाचं मी मालकाला बोलेन. गाडीवर हात तुझा होता. आणि काहीच जमत नव्हतं, तर निदान कपलर परत जोडून, पेटता दिवा तसाच ठेवून, ‘आज दुरुस्त झालेला नाही’ असं सांगून गाडी द्यायची होतीस. मग काका जपून गेले असते. तू त्यांना सांगितलंस की झालं. सगळ्यात वाईट ते.

एक बारीकसा हिशेबही कर. एकवीस वॅट भागिले बारा व्होल्ट. पावणेदोन अँपिअर. या गाडीची बॅटरी तीन अँपिअर-अवरची. रेल्वेच्या फाटकावर इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून उभं राहिलं, दिवा पेटलेला, तर बॅटरी कितीशी टिकणार? काकांनी आधी बॅटरी बदलली होती, कळलं? दिव्याची तक्रार घेऊन ते तुझ्याकडे आले ते त्यानंतर. एका पिनीच्या ग्रीसपायी माणसानं बॅटरीचे पैसे घातले, तुला शंभर दिले, आणि गाडी आज अडकलेला ब्रेक घेऊन माझ्या वर्कशॉपात उभी आहे.

आता कामाला लाग. चाक तू उतरवायचंस, मदतीला कोणी जाणार नाही. कॅम, पेडलची पिन, परतीची स्प्रिंग, मग उंची, चाल आणि स्विच, याच क्रमानं. पुढचा लीव्हरही बघ. बाकीच्यांनी उभं राहून बघायचं आणि प्रत्येकानं भिंतीवरचा उजेड बघून सही करायची. काका चारला येतील. गाडी तूच त्यांच्या हातात द्यायची, परवा काय केलं होतंस आणि आज काय केलंस ते तूच सांगायचं, शंभर रुपये परत करायचे, आणि मी बाजूला उभा राहीन पण एक शब्द बोलणार नाही. ते चिडले तर ऐकून घे. नाही चिडले तर चहा घ्यायला लावतील, तोही घे. आणि हातातली ती पक्कड खाली ठेव, नटीला पाना लावतात.